वजन

ब्युरोच्या बाईंनी फोनवर नाव नंतर विचारलं,
आधी वजन.
सत्तरच्या वर असेल तर माणसाला रोजचे दीडशे जास्त.
डिस्चार्जच्या कागदावर अठ्ठ्याहत्तर होतं.
मी म्हटलं, एकोणसत्तर.

पलंगावर आप्पांनी डोळे उघडले.
उजवी बाजू गेली, जीभ जाड झाली,
पण छत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात
गोणी माथ्यावर घेतलेला माणूस
काटा कुठे मारला ते झोपेतही ओळखतो.
बोलले काही नाहीत.
बोलणं तसंही महाग झालंय त्यांना.

त्या आठवड्यात मी सगळं हिंडून आले.
नेरळच्या पुढचं केअर सेंटर: आंब्याची झाडं, रॅम्प,
टीव्हीसमोर ओळीने खुर्च्या, टीव्ही बंद.
खाटेचे पस्तीस हजार, अनामत दीड लाख.
परत मिळते का, विचारलं
तर मॅडम ‘परिस्थितीनुसार’ म्हणाल्या आणि चहा मागवला.
वाशीचं दिवसाचं केंद्र स्वस्त,
पण तिथे आपल्या पायांनी जावं लागतं.
विमा हॉस्पिटलातल्या चौदा दिवसांपुरता;
घरी आणलं की आजार संपतो, त्यांच्या छापील कागदात.
बँकेत विचारलं, या घरावर दरमहा काही मिळेल का,
उलटं कर्ज म्हणतात ते?
साहेबांनी सिडकोचा कागद चष्म्याजवळ नेला.
यावर तुमच्या आईंचं नाव आहे अजून,
आधी ते कमी करून आणा.

दत्ता चाकणहून म्हणाला, ताई, निम्मं निम्मं.
मग म्हणाला, दहा हजार.
रात्री दोनदा कूस बदलायची असते,
त्यातलं निम्मं कुणाचं, ते राहूनच गेलं.

बोर्डाचा फंड वरच्या खोलीच्या स्लॅबमध्ये गेला.
तिथले भाडेकरू अकरा हजार देतात,
त्यांचं पोर रात्री आमच्या डोक्यावर चेंडू आपटतं.
आप्पांना ते आवडतं. टप्पे मोजतात.

वहीत लिहिलं:
एफडी चार लाख.
माणूस, डायपर, फिजिओ, औषधं;
भाडं आणि दत्ता वजा जाता
महिन्याला साडेअठरा हजार कमी.
भागाकार केला. एकवीस महिने.
डॉक्टर म्हणाले होते, हार्ट एकदम मजबूत,
दहा वर्षं कुठे जात नाहीत.
मी थँक्यू म्हटलं होतं.

रुपसिंग आला. धडगावचा, एक पिशवी, बावीस वर्षं,
भिजला तरी बावन्न किलो भरला नसता.
आप्पांना काखेत धरून उचलायला गेला
आणि दोघे गादीवर आडवे.
मी स्वयंपाकघरातून धावले
तर आप्पा डाव्या हाताने स्वतःचा गुडघा बडवत होते.
‘क… कंबर नाय.’
पुन्हा गुडघा.
‘हितून.’
पोरगा वाकला, गुडघ्यात बसला,
आप्पांनी त्याच्या मानेवरून हात टाकला,
कानाशी हुंकार दिला, टोळीला देतात तसा,
आणि अठ्ठ्याहत्तर किलो
पलंगावरून खुर्चीत गेलं, आवाज न करता.

रुपसिंग हसला. हात पुसत म्हणाला,
काका, तुम्ही पहिले हमाल होते काय?
आप्पांची मान ताठ झाली.
‘माथाडी,’ पूर्ण शब्द, एकही अक्षर न सांडता.

जेवणानंतर मला बोलावलं.
‘मुकादम… किती खातो?’
म्हटलं, ब्युरो दोनशे ठेवते, त्याला सातशे.
भिंतीकडे पाहात राहिले,
जिथे खिळ्याला त्यांचा गोणीचा आकडा अजून टांगलाय.
मग पाच बोटं दाखवली, मूठ मिटली,
पुन्हा एक बोट आणि पाच.
दीडशे.
‘त्याच्या हातात दे. सत्तरच्या वर हाय मी.’

मी वही काढली.
रोजचे दीडशे, तिसा दिवसांचे साडेचार हजार.
एकवीसवर काट मारली, सतरा लिहिलं.
वर पोराने चेंडू टाकला.
आप्पा मोजू लागले.